पुलित्झर पुरस्कार ज्याच्या नावाने देतात तो जोसेफ पुलित्झर स्वतः राजकारणात होता का? असल्यास वृत्तपत्र आणि पद दोन्ही कसं सांभाळलं?

होता. आधी मिसुरी राज्यात आमदार, नंतर न्यूयॉर्कमधून अमेरिकेच्या काँग्रेसचा सदस्य, म्हणजे आपल्या भाषेत खासदार. दोन्ही सांभाळणं मात्र त्याला जमलं नाही. खासदारकी त्याने मुदतीच्या मध्यावरच सोडली, आणि त्याच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय तोच आहे. मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर काम केलं आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

पुलित्झर मूळचा हंगेरीतल्या माको गावचा, ज्यू कुटुंबातला. जन्म 10 एप्रिल 1847. वडील धान्याचे व्यापारी. ते वारल्यावर घराची घडी विस्कटली. सैन्यात भरती व्हायचं त्याच्या मनात होतं, पण अधू नजर आणि किरकोळ अंगकाठी पाहून युरोपातल्या सैन्यांनी त्याला नाकारलं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि तिथे माणसं हवी होती, म्हणून 1864 साली तो तिकडे गेला. युद्ध संपल्यावर मिसुरीतल्या सेंट लुईस शहरात मिळेल ते काम केलं, खेचरं राखली, हॉटेलात वाढपी झाला, आणि रिकामा वेळ वाचनालयात काढून इंग्रजी शिकला. 1868 मध्ये ‘वेस्टलिश पोस्ट’ या जर्मन भाषेतल्या दैनिकात बातमीदार म्हणून लागला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1869 मध्ये, पोटनिवडणुकीत रिपब्लिकन पक्षातर्फे तो मिसुरीच्या विधानसभेवर निवडून आला. वय 22, कायद्याने लागणाऱ्या वयापेक्षा कमी. कुणी हरकत घेतली नाही. सभागृहात बसायचं आणि त्याच सभागृहाच्या बातम्या आपल्या पेपराला पाठवायच्या, असं त्याचं चाललं होतं. सेंट लुईस काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कारभारातल्या भ्रष्टाचारावर त्याने रान उठवलं. त्यावरून एडवर्ड ऑगस्टीन नावाच्या कंत्राटदाराशी हॉटेलात बाचाबाची झाली, तेव्हा पुलित्झर पिस्तूल घेऊन आला आणि त्याने गोळी झाडली. ऑगस्टीनच्या पायाला जखम झाली, पुलित्झरला दंड झाला. हा प्रसंग अनेक जण तरुण रक्ताचा जोश म्हणून रंगवून सांगतात. मला तो तसा वाटत नाही. आमदाराने टीकेला गोळीने उत्तर देणं तेव्हाही गैरच होतं. 1870 च्या निवडणुकीत तो हरला आणि काही काळाने डेमोक्रॅट झाला.

वृत्तपत्राची खरी मालकी आली ती 1878 मध्ये. ‘सेंट लुईस डिस्पॅच’ लिलावात निघालं होतं, ते त्याने 2,500 डॉलरला घेतलं आणि काही दिवसांतच शहरातल्या ‘पोस्ट’ या दुसऱ्या इंग्रजी पेपरात विलीन केलं. शहरातले धनिक आपली संपत्ती करासाठी किती कमी दाखवतात, हे ‘पोस्ट-डिस्पॅच’ने नावानिशी छापलं. 1883 मध्ये त्याने जे गोल्ड या रेल्वेसम्राटाकडून ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ 3,46,000 डॉलरला घेतलं. पेपर तोट्यात होता, पण साध्या भाषेच्या आणि चित्रांच्या जोरावर पुढच्याच वर्षी खप लाखावर गेला. 1884 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘वर्ल्ड’ने डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलँड याची बाजू घेतली. न्यूयॉर्क राज्य क्लीव्हलँडला हजार-बाराशे मतांनी मिळालं आणि त्याच राज्यामुळे तो अध्यक्ष झाला. त्याच निवडणुकीत पुलित्झर खासदार झाला.

मुदत 4 मार्च 1885 ला सुरू झाली. फ्रान्सने भेट दिलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला चौथरा बांधायला पैसे नव्हते. काँग्रेसने एक लाख डॉलर मंजूर करायचं टाळलं होतं. न्यूयॉर्कमधले गडगंज लोक हात आखडून बसले होते. 16 मार्चला, म्हणजे खासदारकीच्या दुसऱ्याच आठवड्यात, ‘वर्ल्ड’ने वर्गणीचं आवाहन केलं आणि देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापू, असा शब्द दिला. कामगारांनी, दुकानातल्या पोरींनी, शाळकरी मुलांनी सेंट-सेंट पाठवले. ऑगस्टपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून एक लाख डॉलर जमा केले. बहुतेकांची देणगी एक डॉलरपेक्षाही कमी होती. पेपराचा खपही त्यातून वाढला, हे खरंच. पण ज्या सभागृहात तो निवडून गेला होता त्याला जे साधलं नव्हतं, ते त्याच्या पेपराच्या वाचकांनी पाच महिन्यांत करून दाखवलं.

इकडे वॉशिंग्टनला तो क्वचितच हजर राहायचा. नोकऱ्यांसाठी शिफारस मागणाऱ्यांची रीघ लागलेली असायची. 10 एप्रिल 1886 ला, आपल्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशी, त्याने राजीनामा दिला. मतदारांनी दिलेली जागा रिकामी अडवून ठेवण्यापेक्षा हे प्रामाणिक होतं, असं मला वाटतं.

मालक उमेदवार झाला की डेस्कवर काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. विरोधी उमेदवाराची सभा कितीही मोठी झाली तरी आतल्या पानावर सिंगल कॉलम. कुणी तसा लेखी आदेश देत नाही. उपसंपादक आपणहून हात आखडता घेतो, आणि निवडणूक संपल्यावरही ती सवय जात नाही. 10 एप्रिल 1907 ला, साठाव्या वाढदिवशी, पुलित्झरने आपल्या पेपरासाठी जी तत्त्वं लिहून दिली त्यात कोणत्याही पक्षाचं कधीही व्हायचं नाही, हे एक आहे. दोन पक्षांतून फिरलेल्या माणसाने ते लिहिलं, म्हणून मला ते जास्त पटतं.

पद सोडल्याने तो निष्कलंक झाला असं नाही. 1890 च्या दशकात ‘न्यूयॉर्क जर्नल’चा मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याच्याशी स्पर्धा करताना ‘वर्ल्ड’नेही भडक मथळे दिले आणि क्यूबाच्या प्रश्नावर स्पेनविरुद्ध युद्धज्वर वाढवला. तो डाग त्याच्या नावावर आहेच.

पण 1908 मध्ये, दृष्टी जवळपास पूर्ण गेलेली असताना, ‘वर्ल्ड’ने विचारलं की पनामा कालव्याच्या हक्कांसाठी सरकारने मोजलेले चार कोटी डॉलर नेमके कुणाच्या खिशात गेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात पुलित्झरचं नाव घेऊन हल्ला चढवला आणि सरकारने बदनामीचा फौजदारी खटला भरला. जानेवारी 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल ‘वर्ल्ड’च्या बाजूने दिला. तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर होता, पेपरातले आरोप खरे ठरवणारा नव्हता. तरी केंद्र सरकारला या मार्गाने वृत्तपत्राला कोर्टात खेचता येणार नाही, हे त्यातून पक्कं झालं. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला चार्ल्सटनच्या बंदरात, आपल्या ‘लिबर्टी’ नावाच्या जहाजावर तो वारला. पुरस्कार 1917 पासून सुरू झाले, ते त्याने मृत्युपत्रात कोलंबिया विद्यापीठाला ठेवलेल्या पैशांतून.