पोझोले की पोसोले?

प्रश्न असा आहे: मका आणि मांस घालून करतात त्या मेक्सिकोतल्या रस्सेदार पदार्थाचं नाव मराठीत ‘पोझोले’ लिहावं की ‘पोसोले’? आणि त्याचा अर्थ ‘फेसाळ’ असा सांगतात, तो बरोबर आहे का?

लिहावं पोसोले. रोमन लिपीत मध्ये ‘झेड’ दिसतो आणि आपण इंग्रजीच्या सवयीने ‘झ’ लिहून मोकळे होतो. पण मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये त्या अक्षराचा उच्चार ‘स’ होतो. स्पेनच्या बऱ्याच भागात तो ‘थ’कडे झुकतो. ‘झ’ मात्र कुठेच नाही. शब्द मुळात नाहुआत्ल भाषेतला, म्हणजे अ‍ॅझ्टेक लोकांची आणि आजही दहा लाखांहून अधिक लोक बोलतात ती भाषा. तिथेही तो ‘पोसोल्ली’ असाच होता.

शेवटच्या ‘ली’ची गंमत जाणून घेण्यासारखी आहे. तो नामाला लागणारा प्रत्यय आहे. ‘कल्ली’ म्हणजे घर, पण ‘माझं घर’ म्हणायचं तर ‘नोकल’, प्रत्यय गळतो. स्पॅनिशमध्ये येताना या ‘ली’चा ‘ले’ झाला: मोल्लीचं मोले, अतोल्लीचं अतोले, पोसोल्लीचं पोसोले. ‘त्ल’ असेल तिथे ‘ते’ झाला: तोमात्लचं तोमाते, म्हणजे आपला टोमॅटो. चिकूही याच घरातला, ‘चिकोसापोते’ या नावातून आलेला. म्हणून पोसोलेतला शेवटचा ‘ए’ स्पष्ट उच्चारायचा, ‘पोसोल’ म्हणून सोडायचा नाही. त्याचं कारण खाली येईलच.

आता अर्थ. ‘पोसोनी’ हे उकळणं, फेस येणं या अर्थाचं क्रियापद आहे आणि पोसोल्लीचा संबंध त्याच्याशी लावतात. मला हे पटतं, कारण पदार्थ शिजताना पाहिला की ते दिसतंच. त्यासाठी मोठ्या पांढऱ्या दाण्याचा, काकाउआसिंत्ले जातीचा मका घेतात. तो चुन्याच्या पाण्यात उकळतात, चोळून साल काढतात, आणि काटेकोर स्वयंपाकी दाण्याचं कणसाला चिकटलेलं टणक टोकही एकेक करून खुडतात. मग तासन्‌तास शिजताना दाणा लाहीसारखा उमलतो आणि भांड्यात फेस चढतो. एवढा खटाटोप नुसत्या सालीसाठी नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळेच शरीराला मिळू शकतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने गाठलं.

म्हणूनच मराठी पाककृतींत या दाण्यांना नुसतं ‘मक्याचे दाणे’ म्हणतात ते मला खटकतं. वाचक बाजारातून गोड मका आणेल आणि रस्सा भलताच होईल. ‘चुन्यात शिजवून सोललेला मका’ लिहावं. लांब आहे, पण खरं आहे.

बाकी रंगांची नावं सोपी आहेत: पांढरं, लाल आणि हिरवं. लाल मिरचीचं हालिस्कोत, तर भोपळ्याच्या बियांचं हिरवं गेर्रेरो राज्यात, आणि तिथे गुरुवार हा पोसोलेचाच वार. वरून कोबी किंवा सॅलडची पानं, मुळा, कांदा, ओरेगानो, लिंबू. सप्टेंबरच्या 15-16 तारखांना, स्वातंत्र्यदिनाला, तर ते हवंच.

आता त्या ‘ए’चं कारण. ताबास्को आणि च्यापास राज्यांत ‘पोसोल’ नावाचं पेय आहे: चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ आंबवून पाण्यात कालवलेलं, कधी कोको घालून. शब्द सख्खे, वस्तू वेगळ्या. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत नाव रोमनमध्येही ‘एस’ने लिहितात, आणि तिथे पोसोले म्हणजे पदार्थही आणि तो सोललेला दाणाही. तिथल्या पाककृतीत ‘दोन कप पोसोले’ दिसलं तर ते दाणे समजावेत.