देखणा उत्तरभाग, फिका खेळ

प्रश्न : आवडत्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग नुकताच खेळलो. ग्राफिक्स थक्क करणारे आहेत, पण खेळात मन रमत नाही. दोष माझ्या अपेक्षांचा की खेळाचा?

उत्तर : बहुधा खेळाचाच. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी यंत्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. दृश्य अधिक तपशीलवार करण्यासाठी हा वेग ३० वर आणला, की तो अवधी ३३.३ होतो आणि बटण दाबल्यावर पात्र हलायला लागणारा विलंबही सहसा वाढतो, जो डोळ्यांना दिसत नसला तरी बोटांना जाणवतो. शिवाय इतक्या बारकाईने सजवलेली जागा खेळायला कंटाळवाणी आहे, हे उशिरा लक्षात आले, तर ती मोडून नव्याने रचणे फार खर्चिक ठरते. २०१३ साली प्लेस्टेशन ४ या गेम खेळण्याच्या यंत्रासोबत आलेल्या ‘किलझोन : शॅडो फॉल’च्या दृश्यांची वाहवा झाली, पण त्याच्या मोहिमेवर (एकट्याने खेळायच्या कथाभागावर) अनेक समीक्षक नाराज होते. ट्रेलरमध्ये रूप दाखवता येते, हाताला येणारी मजा नाही (जाहिरात करणाऱ्यांना हे चांगलेच ठाऊक असते). त्यामुळे पुढच्या वेळी खरेदीपूर्वी डेमो मिळाला तर तो अवश्य खेळावा, अन्यथा कोणाचा तरी न कापलेला, सलग अर्ध्या तासाचा खेळ पाहावा.