गोळीची वेळ

"मॅडम, माझं नवऱ्यावरचं प्रेम संपलंय का, एवढंच मला सांगा."

खुर्चीत टेकल्या टेकल्या तिने विचारलं. वय बत्तीस, लग्नाला सहा वर्षं, चार वर्षांचा मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पर्सचा बंद बोटाला गुंडाळायची, सोडवायची, पुन्हा गुंडाळायची. सात-आठ महिने झाले, तिला इच्छाच होत नव्हती. नवऱ्याने जवळ घेतलं की अंग आखडून जायचं. तो चिडणारा माणूस नव्हता, पण एका रात्री अंधारात त्याने विचारलं, "तुझ्या मनात दुसरं कुणी आहे का?" तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

कुठली औषधं चालू आहेत का, हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. ती "नाही" म्हणाली. थोड्या वेळाने तिचा मोबाइल वाजला आणि तिने घाईघाईने तो बंद केला.

"सॉरी हं, गोळीची वेळ."

"कसली गोळी?"

"ती... पाळणा लांबवायची. ते काही औषध नाही ना!"

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी हेच म्हणतात. रोज घेतली जाते म्हणून ती गोळी दात घासण्यासारखी सवयीची होऊन जाते आणि औषधांच्या यादीतून गळते. मग इच्छा कमी झाली की दोष नात्याकडे जातो, नाहीतर स्वतःच्या मनाकडे.

मी कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि तिला महिने भरायला सांगितले. गोळ्या सुरू झाल्या दहा महिन्यांपूर्वी. आधी दोघांचं कसं होतं? "छान होतं," म्हणताना ती लाजली. तिसऱ्या महिन्याच्या जागी तिचं पेन थांबलं. "तेव्हा कोरडेपणा जाणवायला लागला. दुखायचं. मी सांगितलं नाही." पाचव्या महिन्यात कामाच्या वेळा बदलल्या, झोप कमी झाली. सहाव्यात तिने टाळायला सुरुवात केली. त्या रेघेकडे ती बराच वेळ बघत राहिली.

मग मी तिला शरीरात काय होतं ते सांगितलं. तिच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, होती. ती बीजांडकोशांचं काम थोपवतात, त्यामुळे तिथे तयार होणारं टेस्टोस्टेरॉनही घटतं. हो, ते बायकांच्याही शरीरात असतं आणि इच्छेशी त्याचा संबंध असतो. शिवाय तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन जास्त बनवतं आणि ते प्रथिन उरलेलं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं. रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन त्यामुळे बरंच खाली येतं. काहींना योनीत कोरडेपणा येतो. जिथे दुखतं तिथे पुन्हा जावंसं कुणाला वाटेल?

"म्हणजे गोळीच कारण?" तिचा चेहरा उजळला. मला तिथे तिला थांबवावं लागलं. टेस्टोस्टेरॉन उतरलं की प्रत्येकीची इच्छा उतरतेच असं नाही. गोळी घेणाऱ्या बहुतेक जणींना फरक जाणवत नाही. काहींची इच्छा वाढते, कारण दिवस राहण्याची धास्ती गेलेली असते. थोड्या जणींची मात्र खरोखर कमी होते. स्वीडनमध्ये 340 निरोगी तरुणींवर एक चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि कुणाला कोणती मिळाली हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांनी खऱ्या गोळीच्या गटात इच्छा, उत्तेजना आणि आनंद हे तिन्ही थोडे कमी भरले. हा निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाला. फरक छोटा होता, पण होता. 'हे सगळं तुझ्या मनाचे खेळ' असं कुणी बाईला सुनावलं की मला राग येतो, तो यामुळेच.

"मग आज रात्रीपासून बंद करू?"

नको. पाकीट अर्धवट सोडलं तर मध्येच रक्तस्राव होऊ शकतो आणि दुसरी सोय केल्याशिवाय दिवस राहण्याचा धोका असतो. मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, ती आडवी रेघ सोबत देऊन. थायरॉइड बिघडला असेल, नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील किंवा बाई अंगावर पाजत असेल, तरी इच्छा मंदावते. तेही बघायला हवं होतं. तिचा थायरॉइड ठीक निघाला. डॉक्टरांनी दोन वाटा ठेवल्या: वेगळ्या प्रोजेस्टिनची गोळी, किंवा संप्रेरक नसलेली तांबी. तांबीने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, पोटात जास्त दुखू शकतं, हे ऐकूनही तिने तांबीच निवडली. कोरडेपणासाठी जेल मिळालं.

पुढच्या वेळी नवराही आला. तो हात मांडीवर घट्ट धरून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मला वाटलं मीच नकोसा झालोय. म्हणून मग मी हातच लावणं सोडलं." तिने चमकून पाहिलं. तिला वाटत होतं, तो रागावून दूर झालाय. साधं खांद्यावर हात ठेवणंही या घरात बंद पडलं होतं, कारण प्रत्येक स्पर्शाच्या मागे 'आज?' हा प्रश्न उभा असायचा. मी त्यांना काही आठवडे संबंध बाजूलाच ठेवायला सांगितले. जवळ बसा, डोक्याला तेल लावून द्या, मिठी मारा, आणि तिथेच थांबा असं ठरवून. गोळी बदलली तरी ही भीती आपोआप जात नाही, असा माझा अनुभव आहे.

कोरडेपणा आधी गेला. इच्छा एका रात्रीत परतली नाही. मधले काही आठवडे ती निराश होती, "तांबीचाही उपयोग नाही" म्हणाली. तिने एका छोट्या वहीत रोजची नोंद ठेवली होती: झोप किती, दुखलं का, मनात काही आलं का. शेवटच्या रकान्यात पानंच्या पानं फुल्या होत्या. चौथ्या महिन्यात ती वही घेऊन आली आणि एका मंगळवारवर बोट ठेवलं. तिथे फुलीऐवजी हिरवा ठिपका होता.

"त्याला सांगितलं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, "त्या दिवशी मीच जवळ गेले."