घोषणा देऊन भाषण बंद पाडणं हाही आमचा हक्कच ना?

न पटणारा वक्ता विद्यापीठात आला म्हणून आरडाओरडा करून त्याचं भाषण बंद पाडलं, तर तेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यच, असं तुम्ही विचारताय. माझ्या मते नाही. काळ्या फिती लावा, दाराबाहेर फलक धरा, सभागृहातून उठून जा, प्रश्नोत्तरांत त्याला घाम फोडा. पण ज्यांना ऐकायचंय त्यांचे कान तुम्ही का बंद करताय?

शिकागो विद्यापीठाने २०१४ साली नेमलेल्या समितीने हीच रेघ ओढली: टीका, निषेध खुशाल करा, दुसऱ्याचं बोलणं अडवू नका. सौजन्य हवंच, पण 'सौजन्य सुटलं' हे चर्चा बंद करायचं निमित्त होऊ शकत नाही, असंही त्यात आहे. मला हा भाग जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे 'भावना दुखावल्या' एवढं कुणी म्हटलं की आधी कार्यक्रमच रद्द होतो!

कायद्याचं म्हणाल, तर राज्यघटनेचं कलम १९(२) अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर मर्यादा घालतं. पण २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असा फरक केला. पहिल्या दोन गोष्टी कितीही झोंबल्या तरी चालतात. बंधन येतं ते तिसरीवर.