ब्रिटिश संगीतपटांकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

आपण ब्रिटिश संगीतपटांची यादी करायला बसला आहात, तर केवळ लंडन दिसले म्हणून चित्रपट ब्रिटिश ठरवू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) मध्ये लंडनच्या धुराड्या आणि छपरे भरपूर दिसतात, पण ते सारे डिस्नीने कॅलिफोर्नियातील स्टुडिओत उभे केले होते. म्हणून त्यातली नायिका ज्युली अँड्र्यूज इंग्लंडची असूनही मी तो अमेरिकनच मानतो.

याउलट ‘ऑलिव्हर!’ (१९६८) साठी पैसा कोलंबिया या अमेरिकन कंपनीचा होता, तरी दिग्दर्शक कॅरल रीड, मूळ नाटकाचे गीतकार-संगीतकार लायोनेल बार्ट आणि चित्रीकरणाचा शेपर्टन स्टुडिओ हे सगळे इंग्लंडचेच. त्यातले सकाळच्या चौकाचे गाणे सावकाश पाहा: आधी गुलाब विकणारीची एकटी हाक येते, मग गवळणी, स्ट्रॉबेरीवाली आणि सुरीला धार लावणारा आपापली आरोळी तिच्यात मिसळतात, आणि बघता बघता सगळा चौक गाऊ लागतो. फेरीवाल्यांच्या हाकांतून गाणे उमलावे, ही तिथल्या रस्त्याचीच चाल आहे, आणि माझ्या लेखी ब्रिटिशपण तिथे आहे.

चित्रपटांना करसवलत देण्यासाठीची ब्रिटनची सरकारी सांस्कृतिक चाचणी मात्र कथेचे स्थळ, पात्रे, भाषा, कलावंत आणि चित्रीकरण यांना गुण देते व ३५ पैकी १८ गुणांना चित्रपट ब्रिटिश मानते. आपण सुरुवात ब्रिटिश गायिका-अभिनेत्री जेसी मॅथ्यूजच्या ‘एव्हरग्रीन’ (१९३४) पासून करा.