कॅमेरा त्यांच्याच हातात दे

प्रश्न : ताई, मी मूळची कोल्हापूरची, सध्या लंडनमध्ये माध्यमांचं शिक्षण घेते आहे. इथल्या एका छोट्या धर्मादाय संस्थेला बेघरांबद्दल तीन मिनिटांची फिल्म हवी आहे. चित्रीकरणाला पैसे नाहीत, म्हणून नुसत्या फोटोंची. संस्थेतल्या बाई म्हणतात, ‘बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.’ दुकानांच्या दारात स्लीपिंग बॅगमध्ये झोपलेल्यांचे फोटो मी काढलेत, पण ते वापरायला मन घेत नाही. मग दाखवू काय?
– एक वाचक, लंडन

उत्तर : मन घेत नाही ना, मग ते फोटो बाजूलाच ठेव. झोपलेल्या माणसाला विचारता येत नाही. न विचारता काढलेला चेहरा देणग्या मागण्यासाठी वापरायला माझा ठाम विरोध आहे. संस्थांच्या फिल्म एडिट करण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. ‘जरा हळवं करा’ ही मागणी प्रत्येक वेळी यायची. त्या बाईंचा हेतू चांगलाच असणार, पण रडवून घेतलेले पैसे एकदाच येतात.

तुझ्याच शहरात याहून चांगलं काम झालेलं आहे. कॅफे आर्ट नावाच्या संस्थेने बेघरपण भोगलेल्या माणसांना सेंट पॉल्स कॅथीड्रलपाशी बोलावून फुजीफिल्मचे एकदाच वापरायचे शंभर कॅमेरे वाटले. विषय एकच – माझं लंडन. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या मंडळींनी मार्गदर्शन केलं. थोड्या दिवसांनी कॅमेरे परत घ्यायचे, रोल धुवायचे, निवडक फोटोंचं प्रदर्शन भरवायचं आणि त्यातूनच पुढच्या वर्षाचं कॅलेंडर छापायचं. असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ते फोटो शोधून बघ. कीव वाटावी असं त्यांत फारसं काही नाही. शहर आहे, आणि ते रात्रंदिवस पायी तुडवणाऱ्यालाच दिसेल असं आहे.

तूही तेच कर. संस्थेला आठ-दहा साधे रोलचे कॅमेरे घ्यायला सांग. रस्त्यावर राहणाऱ्याचा फोन चोरीला जातो, चार्जिंगची मारामार असते. या कॅमेऱ्याला यातलं काही लागत नाही. शिवाय फ्रेम मोजक्या, त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस थांबतो. प्रिंट आल्या की त्या टेबलावर पसर, ज्याचे फोटो त्याला शेजारी बसव आणि रेकॉर्डर चालू ठेव. ‘हा कुठला? इथेच का उभे राहिलात?’ एवढंच विचार. तो जे बोलेल तोच तुझा व्हॉइसओव्हर. मध्येच बस गेली, कोणी खोकलं, तर तेही राहू दे. पियानो नको. डोळ्यांवर हळूहळू झूम तर अजिबात नको. तीन मिनिटांत फोटो पंधरापर्यंतच बसव. एखादा चांगला बारा सेकंद पडद्यावर राहिला तरी बिघडत नाही.

आणखी एक बघ. 2024च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये एका रात्रीची जी मोजणी झाली, तीत उघड्यावर झोपलेली 4,667 माणसं आढळली. त्याच काळात तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढणारी कुटुंबं मात्र एक लाखाहून जास्त होती. होस्टेल, स्वस्त लॉज, एका खोलीत आई आणि दोन पोरं. हे बेघरपण दुकानाच्या दारात दिसत नाही, म्हणून ते फिल्ममध्येही येत नाही. तू आण. न उघडलेली सुटकेस, पलंगावर बसून केलेला गृहपाठ, सामायिक स्वयंपाकघरात नाव लिहून ठेवलेली दुधाची बाटली असे फोटो त्या आईलाच काढू दे. छायाचित्रकार निक हेजेस यांनी 1968 ते 1972 या काळात बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘शेल्टर’ संस्थेसाठी अशाच ओल्या, कोंदट खोल्यांमधली कुटुंबं टिपली होती. त्या माणसांची ओळख जपावी म्हणून त्या फोटोंच्या वापरावर चाळीस वर्षं निर्बंध होते. 2014मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. एवढी काळजी घेणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

संमती दोनदा घे : फोटो देताना आणि पूर्ण फिल्म त्यांना दाखवून झाल्यावर. कोणी नको म्हणालं, तर तेवढा भाग काढायचा, कारण विचारायचं नाही. फोटोंचं मानधन बजेटमध्ये आधीच लिहून घे. आणि शेवटच्या पाटीवर देणगीच्या पत्त्यासोबत ‘स्ट्रीटलिंक’ या सेवेचाही उल्लेख कर. उघड्यावर झोपलेल्याची माहिती तिथे कळवली की ती स्थानिक मदत पथकापर्यंत पोचवली जाते.

प्रश्न : आमच्या घराजवळच्या पुलाखाली एक कुटुंब राहतं. त्यांचे फोटो मी त्यांना विचारूनच काढले. स्पर्धेला पाठवू का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : विचारलंत हे फार चांगलं केलंत, पण ‘स्पर्धेला पाठवणार आहे, पेपरात, मोबाइलवर कोणीही बघेल’ हे सांगितलं होतंत का? नसेल तर पुन्हा जा. जाताना प्रिंट घेऊन जा, मुलांच्या तर नक्कीच. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांवर बेघर मोजले गेले. दर लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये सांगितलं होतं. तेवढे निवारे असते तर ते कुटुंब पुलाखाली कशाला राहिलं असतं? फोटोखाली न्यायालयाचं हे म्हणणं जरूर लिहा. जागा मात्र ओळखू येऊ देऊ नका. फोटो गाजला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तिथून उठवलं, असं व्हायला नको. दुकानाची पाटी, पुलाचं नाव, खांबावरचा नंबर फ्रेमच्या बाहेर ठेवा.