एकाच क्लबात 44 वर्षं : बॉब पेझलीबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्याकडं पोरगा आपल्या तालमीकडनं फुटबॉल खेळतो, पाय थकले की तिथंच बारक्या पोरांना शिकवतो, दुसऱ्या पेठेनं बोलावलं तरी जात नाही (जायचा नाही म्हणा, आता जातात). युरोपात एवढा पैसा, तिथं असं कुणी केलंय का?

उत्तर : केलंय की! लोक लगेच मँचेस्टर युनायटेडचा गाजलेला मॅनेजर फर्ग्युसन याचं नाव घेतात पण तो त्या क्लबकडून कधी खेळलेलाच नाही. तुमच्या मापाला बसणारा माणूस म्हणजे इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा बॉब पेझली, आधी प्लेअर, शेवटी मॅनेजर. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम भागात, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात वाढलेला. 1939 च्या मे महिन्यात लिव्हरपूलला आला आणि सप्टेंबरात महायुद्ध सुरू! त्यामुळे क्लबकडून पहिली अधिकृत मॅच खेळायला 1946 उजाडलं, मधली वर्षं तोफखान्यात, आफ्रिकेच्या वाळवंटात आणि इटलीत गेली. परत आला आणि 1947 ला लीग (इंग्लंडची सगळ्यात वरची) जिंकली, पुढे कॅप्टनही झाला. एकूण 277 मॅच.

1950 चं प्रकरण मात्र वाचाच. एफए कपची (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) सेमीफायनल, समोर एव्हर्टन, म्हणजे गावातलेच कट्टर वैरी, आणि त्या मॅचमध्ये पेझलीने गोल मारला, लिव्हरपूल 2-0 ने जिंकलं. आणि लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरच्या फायनलला टीममधून पेझलीचंच नाव गायब! दुसरा कुणी असता तर बॅग भरून निघाला असता, हा थांबला. पुढे मॅनेजर झाल्यावर कुणाला टीमबाहेर बसवायचं असलं की ते नेमकं कसं लागतं हे याला माहीत होतं, आणि तरी बसवायचा, त्यात दयामाया नाही.

1954 ला खेळणं संपलं. मग मालिश, दुखापती बघणं, रिझर्व्ह टीमचं कोचिंग, जे पडेल ते काम. फिजिओथेरपीचा कोर्स पोस्टाने केला, बाकी सगळं हाताने शिकला. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. वीस वर्षं पोरांचे पाय, गुडघे, मांड्या हाताखालून गेल्यावर माणसाला जे कळतं ते वहीत लिहून येत नाही. प्लेअर मैदानात नुसता चालत आला तरी पेझली सांगायचा की याचं काहीतरी दुखतंय, आणि बरोबर निघायचं. लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफील्डला, आज त्याचा पुतळा आहे तो कप उचललेला नाही बघा, टीममधल्या जखमी एम्लिन ह्यूजला पाठीवर घेऊन मैदानाबाहेर नेतानाचा आहे, 1968 च्या एका फोटोवरून केलेला.

प्रश्न (पुणे) : सगळे पेझलीच्या आधीचा मॅनेजर बिल शँकली याचं नाव घेतात, गाणी त्याची, गोष्टी त्याच्या. पेझलीने आयत्या टीमवर कप जिंकले असं आमच्या ग्रुपवर एकाचं म्हणणं आहे. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. शँकली 1959 च्या डिसेंबरात आला तेव्हा टीम सेकंड डिव्हिजनला, म्हणजे खालच्या लीगमध्ये होती, तिला वर काढणारा तोच, त्यात वाद नाही. पण तेव्हा पेझली तिथे आधीपासून होता. स्टँडखाली बूट ठेवायची एक बारकी खोली होती, बूट रूम म्हणायचे, तिथे बीअरच्या क्रेटवर बसून पेझली, जो फॅगन, रूबेन बेनेट वगैरे कोच मंडळी कोण दमलंय, कोण चुकारपणा करतंय याचा खल करायची, मॅच संपली की समोरच्या टीमच्या कोचलाही आत बोलवायची, पाहुणचार आणि खबर दोन्ही एकदम.

1974 ला शँकलीने अचानक सोडलं तेव्हा पेझलीला ती खुर्ची नकोच होती, अक्षरशः गळ्यात मारली. वर शँकली रोज ट्रेनिंगला हजर आणि पोरं अजून त्यालाच बॉस म्हणतायत, काय अवघडलं असेल विचार करा. पहिल्या सीझनला मोठा कप एकही नाही. पुढच्या आठ सीझनमध्ये सहा लीग! आणि तीन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग), 1977, 1978, 1981.

आयती टीम म्हणणाऱ्याला रे केनेडी दाखवा. शँकलीने घेतलेला शेवटचा प्लेअर, आर्सेनल क्लबकडून, गोल मारणारा म्हणून आणलेला, पण फॉरवर्डला जमेना. पेझलीने त्याला डाव्या बाजूला मिडफिल्डमध्ये ओढला आणि तो तिथून थेट इंग्लंडकडून खेळला. डॅल्ग्लिश, सूनेस, हॅन्सन, रश हे नावाजलेले प्लेअर तर सगळे पेझलीनेच आणलेले. बोलायला माणूस यथातथाच, शब्द सापडायचे नाहीत, प्रेसवाल्यांना मसाला मिळायचा नाही, मग गाणी कुणावर लिहिणार?

प्रश्न (डोंबिवली) : पेझलीला एफए कप कधीच मिळाला नाही हे खरं का?

उत्तर : मॅनेजर म्हणून नाहीच मिळाला. शँकलीच्या हाताखाली असताना 1965 आणि 1974 ला टीमने जिंकला तो वेगळा. सगळ्यात जवळ आला 1977 ला. लीग खिशात, 21 मेला वेम्ब्लीला फायनल, समोर मँचेस्टर युनायटेड, आणि 2-1 ने हरले. लीग, एफए कप आणि युरोपियन कप असे तिन्ही एका सीझनमध्ये व्हायचे ते गेले. चारच दिवसांनी रोमला युरोपियन कपची फायनल! एवढ्या कमी वेळात पडलेल्या चेहऱ्यांची टीम उभी करायची होती. जर्मनीच्या मोंशेनग्लाडबाखला 3-1 ने हरवलं, क्लबचा पहिला युरोपियन कप. याच रोममध्ये पेझली 1944 ला टँकवर बसून आला होता, हे त्याने स्वतः आवर्जून सांगितलंय. त्या रात्री हॉटेलात सगळे ढोसत होते, हा मात्र प्यायला नाही, जे झालं ते शुद्धीत अनुभवायचं होतं म्हणे.